शेजवानच्या पुडीवरचा चेहरा: ‘आस्की’च्या अध्यक्षांना खुलं पत्र

मा. अध्यक्ष,
अ‍ॅडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिल ऑफ इंडिया,
मुंबई.



मुलुंड पूर्वेच्या कुठल्याही किराणा दुकानात जा, गल्ल्याच्या वर पुड्यांच्या माळा टांगलेल्या दिसतील. शाम्पू, खोबरेल, पावभाजी मसाला, आणि त्यांच्या शेजारी शेजवान फ्राइड राइस मसाला, मंचुरियन मसाला, हक्का नूडल्स मसाला. मोठ्या कंपन्यांच्या पुड्यांवर बहुतेक वेळा वाफाळता भात किंवा नूडल्सचा वाडगा असतो. पण स्थानिक छापाच्या पुड्या, सॉसच्या बाटल्या आणि हॉटेलवाल्यांसाठीच्या नूडल्सच्या मोठ्या पिशव्या यांतल्या काहींवर अजूनही एक माणूस भेटतो. भडक पिवळा चेहरा. डोळ्यांच्या जागी दोन तिरक्या रेघा, त्यांत बुबुळ नाही. ओठांच्या दोन्ही कडांनी हनुवटीखाली लोंबणाऱ्या मिशा, पुढे आलेले दोन दात, डोक्यावर टोकदार गवती टोपी, मागे वेणी. हात जोडून कमरेत वाकलेला. वर ‘चायनीज’ हा शब्द, बांबूच्या कांड्या जुळवून केलेल्या अक्षरांत.

संध्याकाळी सहानंतर हाच माणूस रस्त्यावर येतो. अंधेरी स्टेशनबाहेर, बोरिवली पश्चिमेला, घाटकोपरच्या खाऊगल्लीत लाल गाड्यांच्या पत्र्यावर ड्रॅगनशेजारी तो रंगवलेला असतो. पार्सलच्या पिशवीवर, चॉपस्टिकच्या कागदी पाकिटावर, मेनूकार्डाच्या कोपऱ्यात तोच. हा चेहरा तिथून हटावा असं मला मनापासून वाटतं. त्याची सुरुवात आपल्या संस्थेला करता येते, म्हणून हे पत्र जाहीरपणे लिहिते आहे.

आपली संस्था १९८५ सालची. वंश, जात, रंग, पंथ, लिंग किंवा राष्ट्रीयत्व यांची टवाळी करणारी जाहिरात चालणार नाही, असं आपल्या आचारसंहितेत स्वच्छ लिहिलं आहे. वेष्टनावरचा मजकूर आणि चित्र यांनाही जाहिरातीचेच नियम लागू होतात, हेही तीच संहिता सांगते. तेव्हा नव्या कायद्याची मागणी घेऊन मी आलेली नाही. नियम आहे. तो या पुडीला लावावा असं आजवर फारसं कुणाला सुचलं नाही, कारण ‘चायनीज’ म्हटलं की असाच चेहरा, हे आपल्या इतकं अंगवळणी पडलं आहे.

या चेहऱ्याची वंशावळ पाहण्यासारखी आहे. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत खाणींत आणि रेल्वेच्या रुळांवर राबायला चिनी मजूर गेले. ते कमी मजुरीत काम करतात म्हणून गोऱ्या मजुरांचा त्यांच्यावर राग. वर्तमानपत्रांतल्या व्यंगचित्रांतून आणि मालाच्या जाहिरातींतून तिरक्या डोळ्यांचा, लांब वेणीचा, दात विचकणारा चिनी माणूस रंगवला जाऊ लागला. १८८२ साली चिनी मजुरांना अमेरिकेत यायला बंदी करणारा कायदा झाला. पुढच्याच वर्षी क्लीव्हलँड शहरातल्या एका टाइप फाउंड्रीने ब्रशच्या फटकाऱ्यांनी काढल्यासारखी दिसणारी रोमन अक्षरं ‘चिनी’ म्हणून नोंदवून घेतली. चिनी सुलेखनाशी त्यांचं काही नातं नव्हतं. आपल्या गाड्यांवरच्या बांबूच्या अक्षरांचं कूळ तेच. मिशा आल्या इंग्लंडमधून. सॅक्स रोमर नावाच्या इंग्रज लेखकाने फू मांचू हा चिनी खलनायक निर्माण केला, त्याची पहिली कादंबरी १९१३ साली आली, आणि पुढे सिनेमावाल्यांनी त्याला त्या लोंबत्या मिशा दिल्या. राहिली वेणी. मांचू राजांनी चिनी पुरुषांवर ती सक्तीने लादली होती आणि १९१२ साली ती राजवट गेल्यावर तीही गेली. ज्या अपमानाच्या खुणेतून चिनी माणूस शंभर वर्षांपूर्वी सुटला, ती मुलुंडच्या पुडीवर अजून शाबूत आहे.

आपल्यालाही असंच कुणी रंगवलं होतं. ग्लासगोच्या पॅटरसन कंपनीचा ‘कॅम्प कॉफी’ नावाचा कॉफी आणि चिकोरीचा अर्क ब्रिटनमध्ये घरोघरी असे. बाटलीवरच्या चित्रात तंबूसमोर एक स्कॉटिश लष्करी अधिकारी ऐटीत बसलेला आणि शेजारी हातात ट्रे घेऊन उभा असलेला शीख नोकर. पुढे ट्रे गेला, नोकर मात्र उभाच राहिला. २००६ च्या सुमाराच्या नव्या लेबलावर तो अखेर अधिकाऱ्याच्या शेजारी बसला, स्वतःचा कप हातात घेऊन. उभ्या माणसाला बसायला शंभराहून अधिक वर्षं लागली. ते जुनं लेबल पाहून ज्यांच्या कपाळावर आठी येते, त्यांनी शेजवानची पुडी एकदा त्याच नजरेने पाहावी.

एका चित्राने कुणाचं काय बिघडतं, असं विचारतात. कालिना आणि वाकोल्यात मणिपूर, नागालँड, मिझोरमची बरीच मुलंमुली राहतात. विमान कंपन्यांत, हॉटेलांत, सलूनमध्ये, मॉलमध्ये कामाला आहेत. एप्रिल २०२० मध्ये, टाळेबंदीत, कालिन्यात एका मणिपुरी तरुणीवर मोटरसायकलवरून जाणारा माणूस थुंकला. ईशान्येतल्या लोकांना करोनाचं नाव घेऊन छळलं जातंय, ते थांबवा, अशी सूचना केंद्रीय गृह मंत्रालयाला त्याआधी मार्चमध्येच सगळ्या राज्यांना पाठवावी लागली होती. २०१४ च्या जानेवारीत अरुणाचल प्रदेशातला विद्यार्थी निडो तानिया दिल्लीच्या लाजपतनगरात मारहाणीनंतर मरण पावला. सुरुवात त्याच्या केसांची आणि दिसण्याची थट्टा करण्यापासून झाली होती. त्यानंतर सरकारने ईशान्येतल्या लोकांच्या तक्रारींसाठी बेझबरुआ समिती नेमली. त्याच्याही आधी, २०१२ साली, गृह मंत्रालयाने राज्यांना कळवलं होतं की ईशान्येतल्या अनुसूचित जमातीच्या माणसाला ‘चिंकी’ म्हणणं अ‍ॅट्रॉसिटी कायद्याखाली गुन्हा ठरू शकतं आणि त्याला पाच वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. जो शब्द तोंडातून काढला तर तुरुंग होऊ शकतो, त्याच शब्दाचं चित्र आपण दहा रुपयांच्या पुडीवर चार रंगांत छापतो.

कालिन्यातला तो माणूस पुडीवरचं चित्र पाहून थुंकला, असं मी म्हणत नाही. तसं म्हणणं खोटेपणाचं होईल. माझं म्हणणं एवढंच की रोजच्या रोज, लहानपणापासून, खाण्याच्या वस्तूंवर एखाद्या चेहरेपट्टीचा विदूषक केलेला पाहत गेलं की तशा चेहऱ्याचा खरा माणूस समोर आल्यावर आधी विदूषक दिसतो. आमच्या गल्लीच्या तोंडाशी जी गाडी लागते, तिथे कढई परतणारा मुलगा नेपाळचा आहे. गिऱ्हाइकं त्याला ‘ए चायनीज’ अशी हाक मारतात. त्याच्या पाठीमागे पत्र्यावर तो मिशाळ माणूस. एका संध्याकाळी कॉलेजची दोन मुलं त्याला चित्राशेजारी उभं राहायला सांगत होती, स्वतः बोटांनी डोळे ताणून फोटो काढत होती. तो हसला. हसण्यावाचून त्याला गत्यंतर नव्हतं. मालक शेजारी होता आणि ट्रिपल शेजवानच्या ऑर्डरी लागल्या होत्या. मुलं वाईट नव्हती. फोटो काढून झाल्यावर त्यांनी त्याला ‘थँक यू भाई’ म्हटलं. म्हणूनच मला ते जास्त लागलं. त्यांच्या हातून अपमान झाला हे त्यांना कळलंच नाही.

आणि ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप, तो पदार्थ तरी चिनी आहे का? चिकन मंचुरियन मुंबईत जन्मलं. कोलकात्यात जन्मलेल्या नेल्सन वांग या चिनी वंशाच्या बल्लवाने १९७५ साली क्रिकेट क्लब ऑफ इंडियात आलं, लसूण, हिरवी मिरची परतून त्यात सोया सॉस आणि कॉर्नफ्लोअर घातलं आणि ते वाढलं. मांचुरियातल्या कुणालाही ते ठाऊक नव्हतं. आज घाटकोपर-मुलुंडच्या गाड्यांवर कांदा-लसूण न घातलेलं जैन शेजवान मिळतं, चायनीज भेळ मिळते, शेजवान डोसा मिळतो. ही सगळी आपल्या उपनगरांची अस्सल निर्मिती, अभिमानाने सांगावी अशी. हा बाजार आता लहानही राहिलेला नाही. जानेवारी २०२४ मध्ये टाटा कन्झ्युमर प्रॉडक्ट्सने ‘चिंग्ज सीक्रेट’ बनवणारी कॅपिटल फूड्स ही कंपनी ५,१०० कोटी रुपयांच्या मोलाने घेत असल्याचं जाहीर केलं. याच ब्रँडच्या २०१४ च्या जाहिरातीत एक मोठा नट ‘रणवीर चिंग’ झाला होता. त्यात कुणाला दुखवायचा हेतू असेल असं मला वाटत नाही. पण त्याच नादाचे दोन शब्द रस्त्यावरची टवाळ पोरं ईशान्येतल्या मुलींच्या मागे ओरडतात, हे मुंबईत राहणाऱ्या प्रत्येक मणिपुरी मुलीला माहीत आहे. जाहिरात बनवणाऱ्यांच्या खोलीत तशी एक जरी मुलगी बसलेली असती, तरी तिने हात वर केला असता.

मुंबईचे स्वतःचे चिनी लोकही आहेत. माझगावला त्यांचं १९१९ सालचं मंदिर आहे. दातांचे दवाखाने आणि ब्यूटी पार्लर चालवणारी चिनी कुटुंबं या शहराने पिढ्यान्‌पिढ्या पाहिली. १९६२ च्या युद्धानंतर भारतातल्या सुमारे तीन हजार चिनी वंशाच्या लोकांना, त्यांत म्हातारे आणि तान्ही मुलंही होती, राजस्थानात देवळीच्या छावणीत डांबलं गेलं. काही जण तिथे वर्षानुवर्षं होते. बरेच जण सुटल्यावर देश सोडून गेले. जे राहिले, त्यांनी आपल्याला फ्राइड राइस आणि नूडल्स खायला शिकवलं. त्या बदल्यात आपण त्यांना हा पिवळा चेहरा दिला.

जगात ही चर्चा २०२० साली पेटली. जॉर्ज फ्लॉइडच्या हत्येनंतर अमेरिकेत ‘आंट जेमिमा’ या पॅनकेकच्या ब्रँडवरचा काळ्या मोलकरणीचा चेहरा काढायचं क्वेकर कंपनीने जून २०२० मध्ये जाहीर केलं, आणि हा ब्रँड वांशिक साचेबंद कल्पनेतून आला हे उघड मान्य केलं. १८९३ साली शिकागोच्या ज्या जागतिक प्रदर्शनाच्या निमित्ताने सर्वधर्मपरिषद भरली आणि विवेकानंद बोलले, त्याच प्रदर्शनात नॅन्सी ग्रीन नावाची बाई आंट जेमिमाच्या वेशात पॅनकेक भाजून दाखवत होती. ती गुलामगिरीत जन्मली होती. तिचं ते सोंग सव्वाशे वर्षं खोक्यावर राहिलं, पण १९२३ साली ती गेली तेव्हापासून तिच्या थडग्यावर नावाचा दगड नव्हता. तो २०२० साली बसवला गेला.

या निर्णयाला विरोध झाला आणि तो सगळाच वाईट माणसांचा नव्हता. पुढच्या काळात आंट जेमिमाची भूमिका करणाऱ्या बायकांच्या वंशजांपैकी काही म्हणाले, आमच्या आजी-पणजीचा इतिहास पुसू नका. ‘लँड ओ’लेक्स’ लोण्यावरून आदिवासी स्त्रीचं चित्र गेलं, तेव्हा ते चित्र १९५० च्या दशकात नव्याने काढणाऱ्या पॅट्रिक देझार्ले या ओजिब्वे चित्रकाराच्या मुलाने लिहिलं की वडिलांनी त्यात आपल्या लोकांची खरी नक्षी आणि खरी भूमी आणली होती. हे आक्षेप मला महत्त्वाचे वाटतात. पाकिटावर चेहरा असणं हा दोष नाही. उद्या एखाद्या मंचुरियन मसाल्यावर नेल्सन वांग यांचं छायाचित्र त्यांच्या संमतीने, त्यांच्या नावासह आलं, तर मी पहिली ती पुडी घेईन. त्या चेहऱ्याला नाव आहे, कर्तृत्व आहे. बुबुळ नसलेल्या त्या माणसाला काय आहे? त्याच्यामागे कुणाचीच आजी नाही. त्याला ठेवून कुठलाच इतिहास जपला जात नाही.

आपल्याकडे हे जमणार नाही, असंही म्हणता येत नाही. बाळांच्या दुधाच्या डब्यांवरची गुटगुटीत मुलं आठवतात? १९९२ च्या कायद्याने बाळाच्या आहाराच्या आणि दुधाच्या पावडरीच्या डब्यांवर बाळाचं किंवा स्त्रीचं चित्र छापायला बंदी केली, कारण ते चित्र पाहून आया अंगावरचं दूध सोडून डब्याकडे वळत होत्या. डबे विकले जायचे थांबले नाहीत. दुसरं उदाहरण अंधेरी पूर्वेच्या चकाल्याचं. तिथे मुख्यालय असलेल्या हिंदुस्तान युनिलिव्हरने २०१९ मध्ये फेअर अँड लव्हलीच्या खोक्यावरचे दोन चेहरे आणि कातडीच्या छटांची पट्टी काढून टाकली, आणि २०२० मध्ये नावही बदललं. त्या बदलाबद्दल माझं समाधान झालेलं नाही, पण चित्र गेलं हे खरं. आणि त्याच्याही आधी, ऑगस्ट २०१४ मध्ये, आपल्याच संस्थेने नियमावली काढली होती की सावळ्या माणसाला दुःखी, अनाकर्षक किंवा लग्नात-नोकरीत मागे पडलेला दाखवायचं नाही. २०२२ मध्ये स्त्री-पुरुषांच्या साचेबंद चित्रणाविरुद्धही आपण मार्गदर्शक तत्त्वं आणली. वंशाबद्दलची तशी तत्त्वं तेवढी राहिली आहेत.

‘गंमत आहे, मनावर कशाला घ्यायचं’ असं मला मराठी ओळखीचेच लोक सांगतात. हिंदी सिनेमात मराठी माणूस म्हणजे कामवाली बाई नाहीतर हवालदार, याबद्दल आपण वर्षानुवर्षं बोललो आहोत, आणि बरोबर बोललो आहोत. तेव्हा ती गंमत नव्हती. वाकोल्यातल्या मुलीलाही तेवढाच हक्क आहे.

गाडीवाल्याची चिंता मला आहे. रोज संध्याकाळी पालिकेची गाडी येईल का या धास्तीत धंदा करणाऱ्या माणसाला पत्रा पुन्हा रंगवायला लावून दंड करावा, असं मी कधीच सुचवणार नाही. त्याने ते चित्र स्वतः शोधून काढलेलं नाही. सॉसच्या बाटलीवर आणि नूडल्सच्या पिशवीवर जे असतं तेच रंगारी पत्र्यावर उतरवतो. म्हणून सुरुवात बाटली आणि पिशवी छापणाऱ्यापासून व्हावी. तिथून चेहरा गेला की पुढच्या रंगकामात तो गाडीवरूनही जाईल.

तेव्हा माझी विनंती अशी. २०१४ आणि २०२२ प्रमाणेच, खाद्यपदार्थांच्या वेष्टनांवर आणि जाहिरातींत कोणत्याही वंशाचं विडंबनचित्र वापरू नये, अशी स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वं आपण काढावीत. वेष्टनाचा चालू साठा संपून नवी छपाई होईपर्यंत उत्पादकांना मुदत द्यावी. मसुदा करताना कालिना-वाकोल्यातल्या ईशान्येच्या रहिवाशांना, नेपाळी कामगारांना आणि मुंबईतल्या चिनी कुटुंबांना बोलावून त्यांचं ऐकावं. आणि तो मसुदा मराठीत व हिंदीतही प्रसिद्ध करावा, कारण या पुड्या छापणारे छोटे कारखानदार आणि छापखानेवाले इंग्रजी परिपत्रकं वाचत बसत नाहीत. काही पुड्यांचे फोटो आणि त्यांवरचे उत्पादकांचे पत्ते मी आपल्याकडे तक्रारीसोबत वेगळे पाठवले आहेत. इथे त्यांची नावं दिली नाहीत, कारण एकदोघांना चारचौघांत पकडून हे चित्र बाजारातून जाणार नाही.

हे पत्र वाचणाऱ्या इतरांनाही सांगते: ‘आस्की’कडे कुठल्याही ग्राहकाला तक्रार करता येते. तुमच्या दुकानात ती पुडी दिसली, तर फोटो काढा आणि पाठवा.

आपल्या उत्तराची वाट पाहते.

आपली,
मुलुंड (पूर्व) येथील एक ग्राहक